हवालदार आणि कैदी: वेस्टर्न मालिकेचा साचा मंडईच्या एकांकिकेत कसा बसवायचा?

मंडई_मंडळ (ब्रम्हपुरी तालुका)
मंडईत (दिवाळीनंतरच्या गावजत्रेत) रात्रीच्या नाटकाआधी 35 मिनिटांची एकांकिका करायची आहे. साचा 'गनस्मोक' या अमेरिकन वेस्टर्न टीव्ही मालिकेच्या जुन्या भागांचा: मार्शल कैद्याला दुसऱ्या गावी नेतो, कैद्याचे साथीदार मागावर. आमचा मार्ग गडचिरोली ते नागपूर जेल, काळ 1975, पात्रं चार. मधला भाग नुसत्या गप्पांचा होऊन राह्यला, काहून ते समजत नाही. आणि बेड्या पुढून घालाव्या की मागून?

पेटीवाला_वडसा
तुमचा हवालदार थकत नाही, म्हणून. ती मालिका 1955 ते 1975 चालली, पहिली सहा वर्षं भाग अर्ध्या तासाचेच, तरी पसरट वाटत नाहीत. मालिकेतलं गाव डॉज सिटी, तिथून हेज हे कॅन्ससमधलंच दुसरं गाव, हवाई अंतरच 140 किमीच्या आसपास. घोडा दिवसाला 50-60 किमी जाणार, म्हणजे वाटेत दोन मुक्काम. कैदी खुशाल घोरू शकतो, मार्शलला डोळा लावता येत नाही. सगळा ताण तिथं आहे.

म्हणून दोन रात्री ठेवा. पहिल्या रात्री कैदी बेडी सैल करायला सांगतो, हवालदार ऐकत नाही. दुसऱ्या रात्री तेच मागणं, तेच शब्द, आणि हवालदाराचा हात किल्लीकडे जातो. साथीदार शेवटच्या पाच मिनिटांतच दाखवा. आधी आणले की पब्लिक कैद्याकडं बघतच नाही.

विंगेतला
बेड्या पुढूनच. मागून घातल्या तर घोड्यावर तोल सावरता येत नाही, मंचावर जेवता येत नाही. पुढून असल्या की कैदी दोन्ही हातांनी भात कालवतो, आणि हीच साखळी हवालदाराच्या गळ्यात पडू शकते हे पब्लिकला न सांगता कळतं. बेडीला दोर बांधून टोक हवालदाराच्या पट्ट्यात खोचा. हवालदार पेंगतो, कैदी कुशीवर वळतो, दोर ताणला जातो: संवाद लागतच नाही.

दातेरी बेड्या मिळाल्या तर डबल लॉक करा, किल्लीच्या टोकाची बारीक पिन भोकात दाबून. नाही केलं तर झटापटीत त्या आवळत जातात आणि मनगट सुजतं. दुसरी किल्ली प्रॉम्प्टरकडे.

जुनी_फाईल
1975 धरलंत ते बरं. 1980 मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सुप्रीम कोर्टानं सरसकट बेड्या घालायला मनाई केली, त्यानंतरच्या काळात हा सगळा दोराचा खेळ असा दाखवता आला नसता. पण 'गडचिरोली जिल्हा' संवादात येऊ देऊ नका, तो 26 ऑगस्ट 1982 ला झाला. तोवर चंद्रपूरच.

मंडई_मंडळ
बदलतो. पुरानं रस्ता अडतो तिथं 'गोसेखुर्दचं पाणी सोडलं' असं वाक्य आहे, चालेल?

जुनी_फाईल
नाही. गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजनच 1988 चं. साधा वैनगंगेचा पूर म्हणा.

पेटीवाला_वडसा
एक राहिलं. नालायक माणसाला हवालदार जीव धोक्यात घालून का वाचवतो, हे पहिल्या तीन मिनिटांत यायला हवं. अमेरिकेतल्या फोर्ट स्मिथच्या कोर्टाचे डेप्युटी मार्शल 1896 पर्यंत पगारी नव्हते. कैदी जिवंत पोचवला तर मैलामागे पैसे, मेला तर भत्ता बुडाला. तुमच्या हवालदाराला कर्तव्याचं भाषण देऊ नका, निलंबनाची भीती द्या.

विंगेतला
गोळीसाठी मंडपात सुतळी बॉम्ब नको. आवाज पॅडवाल्याकडून (इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवणाऱ्याकडून) घ्या, आणि त्यानं बंदुकीकडे न बघता नटाच्या खांद्याकडे बघायचं. बंदूक आधीच रोखलेली असते, खांदा मात्र चाप ओढतानाच हलतो.