एसजीपीटी उतरलं म्हणजे लिव्हर भरून आलं का?

इंदूरची सून: सासऱ्यांना गेल्या महिन्यात कावीळ झाली, हेपेटायटिस ए निघाला. एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम, रक्ताच्या तपासणीत मोजतात ते) १८४० होतं, काल ९६ आलंय, बाबांनी तो आकडा पेनाने गोल करून फ्रिजवर चिकटवलाय आणि आता सराफ्यात, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, गराडू (तळलेला कंद) खायला निघालेत. शेजारच्या काकू म्हणतात एन्झाइमच लिव्हर दुरुस्त करतात, मग ते वाढवायची गोळी द्या. खरं काय?

लॅबवाला: ताई, एसजीपीटी दुरुस्ती करत नाही हो. ते लिव्हरच्या पेशीत अमिनो आम्लांचं काम करतं, पेशी फुटली की रक्तात सांडतं. गळती थांबली की साधारण दोन दिवसांत निम्मं होतं, म्हणून भराभर उतरतं. बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) किती आलंय? एसजीपीटी उतरतंय पण आयएनआर चढतंय असं असेल तर पेशीच उरल्या नाहीत असाही अर्थ निघतो, लगेच डॉक्टरांकडे न्या.

वडोदऱ्याहून: काकूंचं अर्धं खरं आहे. मेटॅलोप्रोटीनेज नावाचे एन्झाइम पेशींभोवतीची कोलॅजेनची जाळी कापतात, नव्या पेशींना जागा होते, आणि वाढीचा सिग्नल देणारं एचजीएफ प्रोटीनही एन्झाइमने कापल्यावरच जागं होतं. उंदराचं दोन तृतीयांश लिव्हर काढलं तरी आठवडा-दहा दिवसांत वजन जवळपास भरून येतं, हे १९३१ पासून माहितीये. पण हे एन्झाइम शरीर जागेवरच बनवतं, दुकानातल्या एन्झाइमच्या गोळ्या बहुतेक जेवण पचवायच्या असतात. ताप आला तर पॅरासिटामॉलही विचारूनच द्या.

इंदूरची सून: बिलिरुबिन १.८, आयएनआर १.१, म्हणजे चढलेलं नाही. गराडू सध्या बंद, बाबा रुसलेत.