अस्वलांच्या मुलखात कॅम्पिंग आणि हायकिंग: जवळ हँडगन ठेवायची तर कोणती, कशी?

रानवाटा
अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाचे रस्ते बर्फातून मोकळे व्हायला लागले की ग्रुपवर तोच प्रश्न येतो: तंबूत राहायचंय, दोन दिवस चालायचंय, जवळ पिस्तूल ठेवावं का आणि कोणतं? आज सकाळी पुन्हा आला आणि जुन्या सगळ्या अर्धवट चर्चा आठवल्या. दर वेळी गाडी कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या मापावर अडते आणि होल्स्टर, गोळीचा प्रकार, कायदा हे राहूनच जातं. म्हणून हा धागा. ज्यांना यातलं नीट कळतं त्यांनी लिहा. शिकारकथा नकोत, वापरताना काय चालतं आणि कुठे अडतं ते हवंय.

माझ्याकडून पहिली गोष्ट: दुकानात जायच्या आधी आपला व्हिसा बघा. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर, बी-टू हे सगळे नॉन-इमिग्रंट. अमेरिकेच्या संघीय कायद्याने या लोकांना बंदूकच काय, काडतुसंही बाळगता येत नाहीत. मुख्य अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येते, मात्र ज्या राज्यात राहता त्या राज्याचे नियम लागू. भारतातून आलेल्या आईबाबांच्या हातात फोटोपुरतीसुद्धा देऊ नका.

दुसरी गोष्ट, पाठीवरच्या सॅकचा कमरपट्टा. तो बरोबर तिथेच बसतो जिथे कमरेचं होल्स्टर असतं. पट्टा वर घेतला तर सॅकचं सगळं ओझं खांद्यावर, खाली घेतला तर मूठ पट्ट्याखाली दबलेली. हायकिंगची हँडगन निवडताना कॅलिबरच्याही आधी ती अंगावर कुठे राहणार हे ठरवा.

गोदाकाठ
शिकार परवान्याबद्दल एक जोडतो. परवान्याची मुदत संपली की सवलतही संपली, बंदूक घरात असली तरी. तारीख लक्षात ठेवा. आणि वकिलाला विचारायला लाजू नका, इथली चूक थेट इमिग्रेशनवर येते.

कावळ्याची_पोर
छातीवरचं होल्स्टर, दुसरा विचारच नको. हार्नेस आधी घालायचा, सॅकचे पट्टे त्यावरून. सॅकचा छातीवरचा आडवा पट्टा होल्स्टरच्या वर सरकवून लावा, म्हणजे मूठ मोकळी राहते. पावसाचं जॅकेट होल्स्टरच्या आत घाला, वरून नाही. चेन उघडून आत हात घालायला वेळ मिळत नाही.

यातली एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. उजव्या हाताने काढायचं होल्स्टर छातीवर तिरकं असतं आणि नळीचं तोंड डाव्या बाजूला. काढताना डावा हात पुढे आला तर नळी स्वतःच्याच दंडावरून फिरते. डावा तळवा छातीला सपाट चिकटवायचा, पिस्तूल सरळ पुढे ढकलायचं, नळी समोर गेली की मगच डावा हात येऊन मुठीला मिळतो. बोट तोवर ट्रिगरच्या बाहेर. घरी रिकाम्या पिस्तुलावर हे रोज 20 वेळा करा आणि काडतुसं तेव्हा दुसऱ्या खोलीत ठेवा. बऱ्याच सार्वजनिक रेंजवर होल्स्टरमधून काढू देत नाहीत, त्यामुळे सराव घरीच होतो.

तिखटमीठ
9 एमएम आहेच घरात. चालेल का? नवीन घ्यायला बायको नाही म्हणतेय.

सह्यकडा
@तिखटमीठ, कुठे जाणार त्यावर. शेनांडोआ, स्मोकी माउंटन्स, योसेमिटी इथे फक्त काळं अस्वल. तिथे 9 एमएम पुरते, पण गोळी बदला. घरासाठी भरलेली होलो पॉइंट गोळी शिरताच फुलते आणि लवकर थांबते. माणसासाठी तशी बनवलेली असते. अस्वलाला चरबी, मग खांद्याचा जाड स्नायू, मग हाड. तिथे खोल जाणारी गोळी लागते: 147 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), सपाट नाकाची, हार्ड कास्ट म्हणजे कठीण मिश्रधातूच्या शिशाची.

ग्रिझली या मोठ्या तपकिरी अस्वलाच्या मुलखासाठी, म्हणजे यलोस्टोन, ग्लेशियर, अलास्का, लोक साधारण या तिघांतून निवडतात.

.357 मॅग्नम, 180 ग्रेन हार्ड कास्ट. 4 इंची नळीचं स्टीलचं रिव्हॉल्व्हर, रुगर जीपी-100 सारखं, साधारण 1.1 किलो. धक्का सोसवतो. दोन इंची नळीत मात्र गोळीचा वेग बराच पडतो, आवाज आणि ज्वाळा वाढतात.

10 एमएम, 200 ते 220 ग्रेन हार्ड कास्ट, वेग साधारण 1200 फूट प्रतिसेकंद. ग्लॉक 20 मध्ये मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) 15 अधिक नळीत 1. पूर्ण भरून वजन 1.1 किलोच्या आसपास. कोलोरॅडोत 15 पर्यंतचीच मॅगझिन चालतात, कॅलिफोर्नियात 10, तेव्हा 15 चा आकडा बघून हुरळू नका.

.44 मॅग्नम, 240 ते 305 ग्रेन. ताकद सगळ्यात जास्त, पण पहिली गोळी चुकली तर दुसरी लावायला उशीर. महिन्यातून एकदा तरी 50 गोळ्या मारणार नसाल तर नका घेऊ.

सराव असलेली 9 एमएम ही सराव नसलेल्या .44 पेक्षा बरी. वहिनींचं बरोबर आहे.

तिखटमीठ
वाचून दाखवलं. आज भजी मिळणार.

लोखंडी_तवा
हलक्या .44 च्या नादी लागू नका. स्मिथ अँड वेसनचं 329 पीडी रिकामं जेमतेम 700 ग्रॅम. चालताना सुख, मारताना नाही. आणि त्यात एक यांत्रिक भानगड आहे. धक्क्याने रिव्हॉल्व्हर झटक्यात मागे येतं, पण सिलिंडरमधल्या न उडालेल्या काडतुसांच्या जड गोळ्या जागेवरच राहू बघतात. क्रिंप म्हणजे काडतुसाच्या तोंडाची घडी सैल असेल तर गोळी काडतुसाच्या पुंगळीतून पुढे सरकते, सिलिंडरच्या बाहेर डोकावते, चौकटीत अडते आणि सिलिंडर फिरणं बंद. मग हातात निव्वळ लोखंड.

तपासायचं असं: सहा भरा, पाच मारा, सहावं काढून त्याची लांबी कॅलिपरने न वापरलेल्या काडतुसाशी ताडून बघा. वाढली असेल तर ती गोळी त्या रिव्हॉल्व्हरसाठी नाही. जड रिव्हॉल्व्हरमध्ये हा त्रास खूप कमी. स्मिथ अँड वेसनचंच 4 इंची 629 साधारण पावणेबारा-शे ग्रॅमचं आहे, तेवढं वजन उचला.

रानवाटा
@लोखंडी_तवा हेच हवं होतं. सेमी-ऑटोचं, म्हणजे ग्लॉकसारख्या पिस्तुलाचं पण लिहा ना.

लोखंडी_तवा
सेमी-ऑटोत तीन गोष्टी. एक, मनगट ढिलं पडलं की स्लाइड (वरचा सरकता भाग) पूर्ण मागे जात नाही आणि पुढची गोळी अडकते. घाबरलेल्या माणसाचं, एका हाताने मारताना हेच होतं. दोन, नळी कशाला तरी टेकली की स्लाइड जरा मागे ढकलली जाते आणि पिस्तूल उडतच नाही. अस्वल अंगावर असताना नळी टेकणारच. रिव्हॉल्व्हरला ही अडचण नाही. तीन, शिसं. ग्लॉकच्या जुन्या पिढ्यांच्या नळीत आटे (आतल्या पिळाच्या खाचा) गोलसर बहुकोनी आहेत, आणि उघड्या शिशाच्या गोळ्या कंपनी वापरू नका म्हणते, कारण शिसं साचून दाब वाढतो. लोक हार्ड कास्टची एक-दोन मॅगझिन मारून नळी घासतात, किंवा नेहमीच्या आट्यांची वेगळी नळी बसवतात, किंवा सरळ तांब्याची भरीव गोळी घेतात. सराव जॅकेटवाल्या (शिशावर धातूचं आवरण असलेल्या) स्वस्त गोळ्यांवर करा, पण जी गोळी रानात नेणार तिच्या किमान 100 तरी आपल्याच पिस्तुलातून अडखळता निघाल्या पाहिजेत.

लोखंडी_तवा
"न अडखळता" म्हणायचंय. फोनवरून लिहितोय.

पानगळ
सगळं खरं, पण बेअर स्प्रेचं, म्हणजे अस्वलावर मारायच्या मिरचीच्या फवाऱ्याचं कुणीच कसं लिहिलं नाही? अलास्कातल्या घटनांवर अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दोन अभ्यास आहेत. 2008 चा स्प्रेवर: तपकिरी अस्वलं 92 टक्के वेळा, काळी 90 टक्के वेळा थांबली, आणि स्प्रे वापरलेली 98 टक्के माणसं जवळून गाठ पडूनही विनाइजा. 2012 चा बंदुकांवर, 1883 ते 2009 मधल्या 269 घटना: हँडगनने 84 टक्के वेळा काम झालं, लांब बंदुकीने 76. पण बंदूक वापरली काय, न वापरली काय, माणसाला इजा होण्याच्या प्रमाणात फरक निघाला नाही. तरी बंदूक नेणारच असाल तर स्प्रेसोबत न्या, त्याच्याऐवजी नको.

डबा घेताना: लेबलवर 'बेअर स्प्रे' आणि ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची) नोंद हवी, किमान 225 ग्रॅम, कॅप्सेसिनॉइड (मिरचीतला तिखट घटक) 1 ते 2 टक्के, मारा 25 फुटांपेक्षा कमी नको, धार किमान 6 सेकंद. अस्वल ताशी 35 मैल धावतं, म्हणजे सेकंदाला 50 फूट. म्हणून ते 30 ते 60 फुटांवर असतानाच फवारा सुरू करायचा, त्याच्या तोंडाच्या जरा खाली, म्हणजे ते ढगात घुसतं. सॅकच्या जाळीच्या खिशात ठेवलेला डबा उपयोगाचा नाही, कमरपट्ट्यावर हवा.

कावळ्याची_पोर
+1. आणि तो ओडोमॉस नाही! तंबूवर, सॅकवर, मुलांच्या कपड्यांवर मारून ठेवायचा नसतो. वाळलेल्या मिरचीच्या वासाने अस्वल उलट जवळ येतं.

निळी_छत्री
विमानात स्प्रे चालतो का

पानगळ
@निळी_छत्री नाही, केबिनमध्ये नाही आणि चेक-इन सामानातही नाही. उतरल्यावर घ्या. उन्हात गाडीत सोडू नका, 49 अंश सेल्सियसच्या वर डबा फुटू शकतो. आणि योसेमिटीत स्प्रे न्यायला बंदी आहे, हेही बघा.

गंमत अशी की हँडगन मात्र विमानातून जाते: रिकामी, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात, काउंटरवर सांगून. किल्ली आपल्याकडे.

गोदाकाठ
कायद्याचं परत, कारण यातच माणसं फसतात.

22 फेब्रुवारी 2010 पासून राष्ट्रीय उद्यानांत बंदूक जवळ ठेवायला त्या त्या राज्याचा कायदा लागू होतो. यलोस्टोन बहुतेक वायोमिंगमध्ये, कडेच्या पट्ट्या मोंटाना आणि आयडाहोत. स्मोकी टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनात विभागलेलं, तिथल्या कड्यावरची वाट दोन राज्यांच्या सीमेवरूनच जाते. बंदूक जवळ ठेवायचं परमिट दोन्हीकडे चालतं का ते आधी बघा. व्हिजिटर सेंटर, रेंजर ऑफिस, पोस्ट ऑफिस या संघीय इमारतींत बंदी कायम. आणि जवळ ठेवायची मुभा म्हणजे उडवायची मुभा नाही. डब्यावर नेमबाजी केलीत तर गुन्हा.

आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सच्या तलावांवरचे कॅम्पग्राउंड वेगळे, तिथे भरलेली बंदूक साधारणपणे चालत नाही. बुकिंग करताना जागा कोणाची ते वाचा.

कॅनडातून गाडीने अलास्काला जाणार असाल तर हँडगन विसरा. शिकारीची रायफल किंवा शॉटगन सीमेवर फॉर्म आणि फी भरून नेता येते.

आणि खरंच अस्वल मारावं लागलं तर लगेच रेंजरला कळवायचं. अलास्कात चामडं नख्यांसकट आणि कवटी काढून राज्याला द्यावी लागते. खालच्या 48 राज्यांत (अलास्का आणि हवाई सोडून) ग्रिझली 1975 पासून संरक्षित यादीत आहे, तपास होणारच.

विदर्भ_एक्सप्रेस
आपल्याकडे बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात अस्वलं आहेत, ताडोब्यात आहेत. परवाना असलेली रिव्हॉल्व्हर घेऊन जाता येते का?

गोदाकाठ
@विदर्भ_एक्सप्रेस नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 31. मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी असल्याशिवाय अभयारण्यात कुठलंही शस्त्र नेता येत नाही. तुमच्याकडे मोहफुलांच्या दिवसांत पहाटे झाडाखाली अस्वल असतं. बोलत, काठी आपटत जाणं हाच उपाय.

सह्यकडा
आणि सह्याद्रीत तर आग्या मोहोळ. त्याला ना पिस्तूल ना स्प्रे. धूर, अत्तर, गोंगाट टाळा, उठलंच तर तोंड झाकून खाली सरका.

निळी_छत्री
तंबूत रात्री कुठे ठेवायची? मुलं सोबत आहेत

कावळ्याची_पोर
मुलं असतील तर छोटी कुलूपपेटी, बोटांच्या बटणांची, डोक्याजवळ, शेजारी टॉर्च. अंधारात दिसलं नाही तर काय कामाची? मुलं नसतील तर होल्स्टरसकट ठेवा, ट्रिगर झाकलेलाच हवा. स्लीपिंग बॅगच्या आत किंवा उशाखाली नको, झोपेत हात कुठे जाईल सांगता येत नाही. स्प्रे तंबूत सगळ्यांना सापडेल असा एका ठरलेल्या कोपऱ्यात.

थंडीतून गरम गाडीत आणली की धातूवर दव धरतं. पुसा, मग पातळ तेलाचा नुसता हात. जाड तेल गोठून चिकट होतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ओली ठेवून झोपू नका, सकाळी तांबेरा.

तिखटमीठ
कानांचं काय? रानात कोण कान झाकून चालणार

सह्यकडा
नाही झाकत. मॅग्नमचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास, कायमचं नुकसान होऊ शकतं. म्हणूनच छोट्या नळीची आणि पोर्ट (नळीच्या तोंडाशी भोकं) पाडलेली हँडगन टाळा. रेंजवर दुहेरी: आत बोळे, वर मफ.

पुरणाचा_कट
बंदुकीतलं मला काही कळत नाही, खाण्याचं लिहिते. अस्वल तंबूपाशी येतं ते वासाने. अस्वलाला उघडता न येणारा खाण्याचा डबा मिळतो, तो घेताना बीव्ही-500 सारखा, साडेअकरा लिटरचा, एका माणसाला आठवडाभर पुरतो. त्यात फक्त जेवण नाही: टूथपेस्ट, अमृतांजन, ओडोमॉस, उदबत्ती, लोणचं, मेतकूट, सगळं. लसणीची फोडणी देताना घातलेल्या कपड्यांत झोपू नका, तेही बाहेर. डबा आणि चूल तंबूपासून 100 यार्डांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

निळी_छत्री
ताई, भाजणीच्या थालीपिठाला वास येतो?

पुरणाचा_कट
कोरड्या भाजणीला कमी, तव्यावर टाकल्यावर भरपूर. दुपारी चालताना मध्येच थांबून करून खा, मग पुढे जाऊन तंबू टाका. रात्री भिजवलेले पोहे, मेतकूट-दही पावडर, काहीही न तापवता. आणि थंडीत त्या डब्याचं झाकण उघडत नाही, तेव्हा खाचेत जुनं प्लॅस्टिकचं कार्ड सरकवून वळवा, निघतं.

रानवाटा
अजून एकच विचारायचं राहिलं. बाळ पुढे कॅरियरमध्ये असेल तर?

कावळ्याची_पोर
मग छातीवर होल्स्टर नाही, विषय संपला. ज्याच्याकडे बाळ त्याच्याकडे फक्त स्प्रे, कमरपट्ट्यावर उजवीकडे. पिस्तूल दुसऱ्याकडे, आणि ती व्यक्ती पुढे चालेल. बाळ मध्ये, मागे तिसरा कुणी असेल तर त्याच्याकडेही स्प्रे. वारा तोंडावर असेल तर स्प्रे बाळाच्या डोळ्यांत येतो, तेव्हा वाटेवर वारा कुठून आहे ते मधूनमधून बघत चला.