मदत हवी आहे: एअर मॅट्रेस असूनही माकडहाडावरचा चट्टा वाढतोय

पाळी_बदल
वॉर्डमधल्या एका पेशंटच्या माकडहाडावर लाल चट्टा आलाय. एअर मॅट्रेस चालू आहे, दर 2 तासांनी पोझिशन बदलतोय, चार्ट भरलेला आहे. तरी चट्टा वाढतोच आहे आणि आज आजूबाजूची कातडी ओलसर दिसली. पावडर झाली, क्रीम झालं. ड्रेसिंग कोणतं लावू एवढंच सांगा. रात्रपाळी सुरू व्हायच्या आत उत्तर हवंय.

वॉर्ड_इनचार्ज
ड्रेसिंगचं नंतर बघू. चट्ट्यावर बोट 3 सेकंद दाबून उचला. पांढरा पडून पुन्हा लाल होतो, की लालच राहतो? कातडी फुटलीय का? पेशंट कशामुळे झोपून आहे, आरटी (नाकातून पोटात जाणारी फीडची नळी) आहे का, जुलाब होतायत का, डायपर लावलाय का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग ड्रेसिंग कशावरून सुचवायचं?

सेवा_हीच
स्पिरिटने पाठ चोळून पावडर लावा, प्रत्येक पाळीत. रक्ताभिसरण वाढतं. बॅक केअर आम्ही अशीच शिकलो आणि नर्सिंगचा पाया तोच आहे.

जखम_नोंद
@सेवा_हीच, तीव्र असहमत. लाल झालेल्या हाडाच्या जागी चोळलं की आधीच दाबाने दुखावलेल्या केशवाहिन्या आणखी फाटतात. स्पिरिट कातडी कोरडी करतं. पावडर घामात भिजून खाचेत तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच घासतात. पाठ रोज बघायची, पुसायची, कोरडी करायची, ही बॅक केअर हवीच. चोळणं नको.

सेवा_हीच
चट्ट्यावर चोळा असं मी म्हटलेलं नाही, आजूबाजूला.

जखम_नोंद
आजूबाजूचा भागही त्याच दाबाखाली असतो. फार तर मॉइश्चरायझर हलक्या हाताने पसरवा, तेही शाबूत कातडीवर.

पाळी_बदल
अर्धांगवायू, उजवी बाजू. आरटी आहे, फीड दर 3 तासांनी. कॅथेटर आहे. दाबल्यावर लालच राहतो. चट्ट्यावर कातडी फुटलेली नाही, पण कुल्ल्यांच्या खाचेत सोलवटलंय. जुलाब कालपासून, त्यामुळे डायपर. हेड-एंड (पलंगाचा डोक्याकडचा भाग) 45 अंशांवर असतो. आता तरी ड्रेसिंग सांगा.

वॉर्ड_इनचार्ज
आता चित्र स्पष्ट झालं. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाडावरचा, दाबूनही पांढरा न पडणारा चट्टा म्हणजे पहिल्या स्टेजचा बेडसोअर. खाचेतलं, कडा वेड्यावाकड्या असलेलं सोलवटणं हे मलमूत्राच्या ओलाव्याने झालेलं असणार. दोन्हींना एकच ड्रेसिंग चालत नाही.

आधी मॅट्रेस तपासा. पेशंट पाठीवर असताना हात तळवा वर करून मॅट्रेसखाली, बरोबर माकडहाडाच्या रेषेत सरकवा. हात आणि शरीर यांच्यामध्ये निदान 2.5 सेंटीमीटर फुगलेला थर जाणवला पाहिजे. हाड हाताला लागलं तर मॅट्रेस बसलीय. मग पंपाचा डायल पेशंटच्या वजनाप्रमाणे आहे का, नळी दुमडलीय का, स्टॅटिक मोड (कप्पे आलटून-पालटून न फुगता सारखेच राहतात तो) चालू राहिलाय का ते बघा. आणि मॅट्रेसवर किती थर आहेत?

पाळी_बदल
चादर, मॅकिंटॉश (रबरी शीट), ड्रॉशीट (कमरेखालची आडवी चादर), वर डायपर.

वॉर्ड_इनचार्ज
मग हवेच्या कप्प्यांचा चढउतार कातडीपर्यंत पोचणार कसा? एक सैलसर चादर आणि श्वास घेणारा एकच शोषक पॅड ठेवा. मॅकिंटॉश काढा, त्याखाली घाम साचतो. बिछान्यात असताना डायपर बंद न करता पॅड नुसता खाली पसरा.

फिजिओ_नजर
खरा गुन्हेगार 45 अंश. डोकं वर केलं की धड खाली घसरतं, कातडी चादरीला चिकटून जागेवरच राहते आणि आतले थर ताणले जातात. हेड-एंड 30च्या खाली आणा.

आयसीयू_रात्र
आरटी फीडवर असलेल्या, गिळण्याची खात्री नसलेल्या पेशंटचा हेड-एंड सरसकट खाली आणायला सांगू नका! फीड फुफ्फुसात गेलं तर चट्टा बाजूलाच राहील. फीड देताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास 30 ते 45 अंश हवेतच.

फिजिओ_नजर
फीड दर 3 तासांनी आहे, सलग नाही. मधल्या वेळात 45 कशाला?

आयसीयू_रात्र
मधल्या वेळात 30, डॉक्टरांना विचारून. आणि क्रम पाळा: आधी गुडघ्यांकडचा भाग उचला, मग डोक्याकडचा, म्हणजे पेशंट घसरत नाही. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. स्लाइड शीट (पेशंट सरकवायची निसरडी चादर) नसेल तर दोघांनी ड्रॉशीटला धरून उचला, मग ती काढून घ्या.

फिजिओ_नजर
हे मान्य. कुशीवर देताना पूर्ण 90 अंश वळवू नका, सगळा भार मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर येतो. पाठीमागे उशी लावून 30 अंशांचा कल पुरतो. मग हात घालून माकडहाड अधांतरी आहे का ते चाचपा. उजव्या कुशीवर वेळ कमी, आणि उजवा हात ओढून वळवू नका, खांदा निखळतो.

टाचेकडे_लक्ष
टाचांचं कुणी बोललं नाही. पाणी भरलेले ग्लोव्ह टाचेखाली ठेवू नका. पोटरीच्या पूर्ण लांबीखाली उशी, गुडघा किंचित वाकलेला, टाच हवेत. कॅथेटरची नळी मांडीखाली दबलेली नाही ना, आरटीची पट्टी नाकपुडीला काचत नाही ना, हेही बघा.

सेवा_हीच
रबरी रिंग ठेवा माकडहाडाखाली.

जखम_नोंद
रिंग नको. कडेचा दाब मधल्या भागाचं रक्त अडवतो.

हिशेबी
अवांतर: एका सिस्टरकडे 30 पेशंट असतील तर दोन तासांची पोझिशन फक्त चार्टवरच होते. आधी मनुष्यबळावर बोला.

वॉर्ड_इनचार्ज
मनुष्यबळाचं खरं आहे, वेगळा धागा काढा. पण चार्टवर नुसती बरोबरची खूण नको. "डावी कूस, 30 अंश, माकडहाड लाल 4 बाय 3 सेंटीमीटर, कातडी शाबूत" असं लिहा. चट्टा वाढतोय की कमी होतोय, हे पुढच्या पाळीला खुणेवरून कळत नाही.

पाळी_बदल
थर काढले. हात घालून पाहिलं, हाड लागत होतं, डायल सर्वात कमी वजनावर होता. वाढवल्यावर नीट फुगली. ड्रेसिंग?

जखम_नोंद
सोलवटलेल्या भागावर: प्रत्येक जुलाबानंतर कोमट पाणी किंवा सौम्य क्लीन्झर, न घासता टिपून कोरडं, मग झिंक ऑक्साइडचा थर. पुढच्या वेळी वरचा मळलेला थर तेवढाच काढा, सगळं खरवडू नका. हाडावरच्या चट्ट्यावर: सिलिकॉन कडेचं फोम ड्रेसिंग. त्याखाली क्रीम लावू नका, चिकटणार नाही. प्रत्येक पाळीत कड उचलून कातडी बघा आणि पुन्हा बसवा. विष्ठा आत गेली तर लगेच बदला.

आयसीयू_रात्र
जुलाबाचं कारणही शोधायला लावा. अँटिबायोटिक चालू आहे का? आरटीतून सॉर्बिटॉल असलेली सिरप जातायत का? कालवलेलं फीड 4 तासांहून जास्त बाहेर राहतंय का? आहारतज्ज्ञांना प्रथिनांचंही विचारा. किडनीचा त्रास नसेल तर किलोमागे रोज 1.25 ते 1.5 ग्रॅम लागतात.

पाळी_बदल
अँटिबायोटिक चालू आहे, दोन सिरपही आहेत. राउंडला विचारते. चट्ट्याचा रंग मधोमध थोडा गडद वाटतोय, तेही चालेल का?

वॉर्ड_इनचार्ज
नाही, राउंडची वाट बघू नका. जांभळट किंवा काळपट छटा असेल, जागा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागत असेल, तर इजा खोल मांसापर्यंत असू शकते आणि मग ती पहिली स्टेज नव्हे. आत्ताच डॉक्टरांना दाखवा, आकार मोजून वेळेसह लिहा. तोवर पाठीवर अजिबात नको. फीडच्या वेळीही कुशीवरच, हेड-एंड 30.