मदत हवी आहे : मस्कतला जुलैत सहा पाहुणे, आंघोळीच्या पाण्याचं काय करता?

मंडळी, अझैबाला समुद्रालगतच्या फ्लॅटवर जुलैअखेर पुण्याहून चार मोठे आणि दोन मुलं येताहेत, पाच दिवस.

गच्चीवरची टाकी इतकी तापते की दुपारी गार पाण्याच्या नळाला चटका बसतो. म्हणून उन्हाळाभर गीझर बंद ठेवून गरमचा नळ सोडायचा; घरात साठलेलं पाणी त्यातल्या त्यात निवलेलं असतं. पण ५० लिटरच्या गीझरमध्ये वाळूने माखलेली दोन-तीन माणसंच उरकतात. मग टाकीचं कढत पाणी आत शिरतं आणि ते निवायला कित्येक तास जातात. सहा जणांचं कसं भागवता? रात्रीच बादल्या, पिंप भरून ठेवावं, की टाकीला आवरण घालून खरंच फरक पडतो?

बाल्कनीचं दार उघडं राहिलं की दमट हवेने एसीच्या जाळीवर पाणी धरतं, टपटप गळतं. त्यावर दार लावण्याखेरीज उपाय?

शिवाय फिरायला सूर शहराच्या वाटेवरचं वादी शाब, म्हणजे डोंगरातली पाण्याची दरी. होडीतून उतरल्यावर पाऊण तास दगडधोंड्यांतून चाल. सत्तरीच्या काकूंना बिम्माच्या विवराच्या पायऱ्याच बऱ्या, असं मला वाटतं. रास अल जिंझच्या किनाऱ्यावर कासवं बघायला मुलांना रात्री न्यावं की पहाटे?