मदत हवी आहे: सनबोर्डच्या विमानाला कोणती मोटर?

नमस्कार मंडळी. पुतणीसाठी सनबोर्डचं (हलक्या फोम शीटचं) रिमोटवर उडणारं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ, विमान बांधतोय. बॅटरीसकट वजन ८०० ग्रॅमच्या आसपास जाईल. ए२२१२ ब्रशलेस मोटर परवडते, पण १००० केव्हीची (केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे) घ्यावी की १४०० ची? माझा कल १००० कडे: ३ सेलची २२०० एमएएच लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, १० इंची प्रॉपेलर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर). १४०० ला प्रॉपेलर छोटा चालतो, पण ती करंट जास्त ओढते आणि सोलापूरच्या उन्हात ईएससी तापायची धास्ती वाटते. मात्र १० इंची पातं उतरताना जमिनीला लागून तुटतं. रबर रिंगवाला प्रॉप सेव्हर (धक्का बसला की पातं वळू देणारा जोड) त्यावर खरंच टिकतो का? बॅटरीसकट बजेट ३००० रुपये. सोलापुरात चांगली लायपो कुठे मिळते, की पुण्याहूनच आणावी? पोरगी रोज विचारतेय, कृपया अनुभवी मंडळींनी सांगा.