अनुभव धागा : प्रायव्हेट इक्विटीतलं पहिलं मॉडेल

सीए झाल्यावर काही वर्षं ऑडिट केलं आणि मग मुंबईत एका प्रायव्हेट इक्विटी फंडात (कंपन्यांत हिस्सा घेऊन पुढे विकणाऱ्या) असोसिएट म्हणून लागलो. झालेल्या वर्षाची बॅलन्स शीट तपासायची सवय होती. येणाऱ्या पाच वर्षांची स्वतः एक्सेलमध्ये उभी करायची, म्हणजे मॉडेल करायचं म्हटल्यावर हात थबकले. तुमचं पहिलं मॉडेल कुठे अडलं ते लिहा. सुरुवात मी करतो.

दुकानांची साखळी असलेली कंपनी होती. 2018-19 मध्ये एबिटा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) विक्रीच्या 11 टक्के, पुढच्या वर्षी 18. धंदा सुधारला असं समजून मी 18 टक्के पुढे नेले आणि त्यावर मल्टिपल लावला, म्हणजे ठरावीक पटीने गुणून कंपनीची किंमत काढली. सरांनी एवढंच विचारलं, "दुकानांचं भाडं कुठे गेलं?" 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हे भाडेकरारांचं (लीजचं) अकाउंटिंग स्टँडर्ड लागू झालं होतं. भाडं आता घसारा आणि व्याज म्हणून एबिटाच्या खाली दिसत होतं. दुकानं तीच, भाडंही तेच! लीजची देणी मी कर्जात धरली नव्हती, त्यामुळे इक्विटीची किंमत फुगली. हेच स्टँडर्ड मी ऑडिटमध्ये तपासलं होतं, म्हणून फार लागलं. आता अशा कंपनीत भाडं खर्चात धरूनच मॉडेल करतो.

लंडनहून

माझं अडलं सर्क्युलर रेफरन्सवर. व्याज सरासरी कर्जावर, कर्जफेड उरलेल्या रोकडीवर, आणि रोकड पुन्हा व्याजावर अवलंबून. एका सेलमध्ये एरर आली की ती त्या चक्रात फिरत राहते, मूळ चूक दुरुस्त केली तरी जात नाही. 0 आणि 1 चा एक स्विच ठेवा. शून्य केलं की व्याज सुरुवातीच्या कर्जावर मोजलं जातं, चक्र तुटतं, एरर निघून जाते. मग परत 1.

पुण्याहून

एक्झिटचं, म्हणजे हिस्सा विकून बाहेर पडण्याचं, वर्ष बदलून बघाच. पैसे दुप्पट झाले तर तीन वर्षांत आयआरआर (वार्षिक चक्रवाढ परतावा) 26 टक्के, पाच वर्षांत जेमतेम 15. आमच्या गुंतवणूक कमिटीत सगळी चर्चा यावरच होते.

मुंबईहून, दुसरं वर्ष

चाकणजवळचा सुट्या भागांचा कारखाना. ताळेबंदावरून उधारी 45 दिवसांची निघत होती, तीच मी पुढे धरली. भेटीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अकाउंट्समधले काका सहज म्हणाले, "मार्चएंडला आम्ही सगळ्यांच्या मागे लागून वसुली करतो. एप्रिलपासून परत उधारी चढते." ऑफिसात येऊन महिनावार आकडे मागवले, तर वर्षाची सरासरी 70 दिवसांच्या आसपास. म्हणजे धंदा चालवायला खेळतं भांडवल कितीतरी जास्त लागणार होतं, आणि ते आमच्याच पैशांतून जाणार होतं. काकांशी बोलणं झालं नसतं तर मला हे कळलंच नसतं. त्या मॉडेलमध्ये मी पहिल्यांदा बारा महिन्यांचं वेगळं शीट जोडलं. काकांना फोन करून तेही सांगितलं.