प्रभू एक, मग प्रभुभोजनाचं मेज वेगळं का?

नगरकर :
सलाम. मराठी ख्रिस्ती माणसाचा पंथ बहुतेक वेळा त्याच्या जिल्ह्यानं ठरवला. मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. नगरला अमेरिकन मराठी मिशन, म्हणून काँग्रिगेशनल, कोल्हापूरकडे प्रेस्बिटेरियन, डहाणूला ब्रदरेन. आपल्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो ख्रिस्तासाठी, युरोप-अमेरिकेतली भांडणं पुढे चालवण्यासाठी नव्हे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाली. त्यात अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्टही. बाळबाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे, दोघांचीही रीत कायम राहिली. तेव्हा जमलं ते आज का जमू नये? आधी प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाला एका मेजावर बसू, वाद नंतर घालू.

शिष्य_पुणे :
भाऊ, सलाम. पंथ जिल्ह्यानं ठरला असेल, पण माझा विश्वास जिल्ह्यानं ठरलेला नाही. मला तान्हेपणी पाणी शिंपडलं होतं. पुढे विश्वास ठेवला तेव्हा मी पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. घरचे दुखावले, पाळकसाहेबांनी बोलणं टाकलं. तुम्ही ज्याला ‘नंतर घालायचा वाद’ म्हणता, त्याची किंमत मी मोजली आहे. नागपूरची गोष्टही पुरी सांगा. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया बोलणीत होती, ती अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिली. अंत्युखियात पेत्र परजातीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून मागे सरला, तेव्हा पौलानं त्याला तोंडावर विरोध केला, तोही मेजावरूनच. सत्याचा प्रश्न होता म्हणून पौल गप्प बसला नाही.

वसईकरीण :
मी कॅथलिक आहे. आमच्या मिस्सामध्ये (उपासनेत) प्रॉटेस्टंट भावंडांना सहसा कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, दिलं जात नाही. आंतरपंथीय लग्न झालेल्या घरांत हे दर रविवारी सलतं, आणि ते सलायलाच हवं असं मला वाटतं. दुखणं झाकून एकी होत नाही. पण पाण्यानं आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं झालेला तुमचा बाप्तिस्मा आमची ख्रिस्तसभा मानते. कॅथलिक होणाऱ्याला तो पुन्हा देत नाहीत. ज्या मुद्द्यावर युरोप फाटला, माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, त्यावर कॅथलिक आणि लुथरन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गला संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. त्यामागे काही दशकांची बोलणी होती. म्हणून नगरकर, तुमचा क्रम मला उलटा वाटतो.

नगरकर :
ताई, धर्मपंडितांनी दशकं घ्यावीत. गावात ख्रिस्ती घरं मूठभर, त्यांत तीन मंडळ्या; मयत झाली की कोणत्या पाळकाला बोलवायचं यावर भाऊबंदकी होते. ही माणसं ऑग्सबर्गची वाट बघत थांबणार का? ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न झालेल्या शिष्यांनाही जागा होती. त्यांची भजनं आज आपण सगळेच गातो ना? शिष्यभाऊ, रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय काढा. एकमेकांचा न्याय करू नका, असं पौलच सांगतो.

शिष्य_पुणे :
तो अध्याय खाण्यापिण्याबद्दल आणि दिवस पाळण्याबद्दल आहे, बाप्तिस्म्याबद्दल नाही. मयतीचं मात्र पटलं. तिथे कोणताही पाळक उभा राहो, मी खांदा देईन. १८ ते २५ जानेवारीच्या ऐक्य-प्रार्थना सप्ताहातही तुमच्याकडे येईन. प्रभुभोजनाला अजून नाही. आणि एक स्पष्ट सांगा : माझ्यासारख्या, पुन्हा बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला तुमची मंडळी पूर्ण सभासद करून घेईल का?